कापडाखालची गाडी

२००४ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा दिल्लीच्या ऑटो एक्स्पोला निघालो, तेव्हा माझ्या खांद्यावरच्या बॅगेत साडेतीन किलोंचा एक गिअर शाफ्ट होता. भोसरी एमआयडीसीतल्या ज्या कारखान्याचं मार्केटिंग मी बघायचो, त्याच्या मालकांनी तो स्वतः तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिला होता. "ब्रोशर काय, कुणीही छापतो. पीस समोरच्याच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प उभं राहायचं," हा त्यांचा विक्रीशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम. विमानतळावर तपासणीच्या पडद्यावर तो शाफ्ट कसा दिसला असेल, याची कल्पना तुम्हीच करा. हे काय? गिअर शाफ्ट. कशाला नेताय? दाखवायला. कुणाला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. शाफ्ट विमानाच्या पोटात गेला, मी वर बसलो, आणि पुढचे चार दिवस प्रगती मैदानावर तो हातात घेऊन हिंडलो.

त्यातून एक ऑर्डर मिळाली. लहानशीच, पण ती अकरा वर्षं चालली.

वाहन प्रदर्शनं आता संपत चालली, असं गेली काही वर्षं सगळीकडे वाचायला मिळतं. जिनिव्हाचं बंद पडलं, फ्रँकफर्टचं गाव सोडून गेलं, डेट्रॉइटचं मुहूर्त शोधत राहिलं. बातम्या खऱ्या आहेत. पण नेमकं काय संपतंय, याबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, आणि त्याचं मूळ त्या साडेतीन किलोंच्या लोखंडात आहे.

मोटारींचं पहिलं मोठं प्रदर्शन १८९८ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत भरलं. भाग घेणाऱ्यांना अट अशी, की गाडी आधी पॅरिसहून व्हर्सायला आणि तिथून परत, स्वतःच्या इंजिनावर चालवून दाखवायची, मगच बागेत मांडायची. ही अट मला फार आवडते. पुढे शंभर वर्षांत आपण असल्या अटी विसरलो आणि चारसहा जणांनी ढकलत आणून मंचावर उभ्या केलेल्या 'कॉन्सेप्ट' गाड्यांना टाळ्या वाजवू लागलो. त्यांतल्या कित्येकींच्या काळ्या काचांआड धड सीटसुद्धा नसते.

आपल्याकडचा ऑटो एक्स्पो १९८६ मध्ये प्रगती मैदानावर सुरू झाला आणि दुसरा भरायला १९९३ उजाडलं. मधल्या सात वर्षांच्या खंडाचं कारण सोपं आहे. लायसन्स-परमिटच्या काळात गिऱ्हाईकच गाडीची वाट पाहत रांगेत उभं असायचं. त्याला बोलावून गाडी दाखवायची गरज कुणाला होती? १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, रांगा मोडल्या आणि दर दोन वर्षांनी दिल्लीवारीचा पायंडा पडला. जानेवारी १९९८ मध्ये टाटांनी इंडिका दाखवली ती याच मैदानावर. पिंपरीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरात त्या वर्षी सासरे, मेहुणे, शेजारी सगळे इंडिकाबद्दल असे बोलत, जणू आपल्याच मुलाचा दहावीचा निकाल आहे.

हे असं काहीतरी आधी कुठे पाहिलंय, असं मला एक्स्पोमध्ये सारखं वाटायचं. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं, की जत्रेतला बैलबाजार. तीच धूळ, तोच गलका, पिपाणीच्या जागी स्पीकर, आणि घ्यायचं नसताना दात बघणारी तीच बघी मंडळी. फरक फक्त कापडाचा. बैलबाजारात खरा सौदा उपरण्याखाली होतो; दोघेजण कापडाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात आणि भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही. मोटारींच्या जत्रेत कापड गाडीवर घालतात आणि ते सगळ्यांसमोर ओढतात. पण सौदा इथेही दुसऱ्याच कापडाआड, पाठीमागच्या प्लायवूडच्या खोलीत चाललेला असतो, हे कळायला मला दोन एक्स्पो लागले.

ती खोली ज्या स्टॉलमागे असते, तो स्टॉल म्हणजे काय हेही सांगायला हवं. प्रदर्शनात तुम्ही चौरस मीटरवर जागा घेता आणि तुम्हाला मिळते खडूने आखलेली मोकळी फरशी. मग सुतार, रंगारी, वायरमन येतात. उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुठल्याही दालनात जाऊन बघा. प्लायवूडचा भुसा, फेव्हिकॉल आणि ओल्या रंगाचा वास, थर्माकोलवर झोपलेली पोरं, आणि या सगळ्यात मधोमध कापडाखाली झाकलेली, पहारेकरी बसवलेली एक गाडी. पहाटे गालिच्यावरचं प्लास्टिक ओढून काढतात. नऊ वाजता पत्रकार येतात तेव्हा ते दालन जन्मापासून असंच चकचकीत होतं असं वाटतं. पाचसहा दिवसांनी रात्री तेच सुतार ते मोडायला येतात. माझ्या मते प्रदर्शनातलं सगळ्यात थक्क करणारं कौशल्य या लोकांचं, आणि कुठल्याही माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नसतो.

कापड ओढण्याच्या विधीचा आपल्याकडचा कळस म्हणजे १० जानेवारी २००८. त्या दिवशी नॅनो आली. रतन टाटा स्वतः ती चालवत मंचावर आले. एक लाखाची गाडी देऊ म्हटलं होतं, दिली, एवढंच त्यांचं म्हणणं. ६२३ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या बाजूला, आणि त्या प्रकल्पाची धुरा गिरीश वाघ यांच्याकडे. मी त्या दिवशी सुट्या भागांच्या दालनात होतो. आमचं दालन अर्ध्या तासात ओस पडलं. शेजारच्या स्टॉलवरचे कोल्हापूरचे एक फौंड्रीवाले, वयाने माझ्या वडिलांएवढे, एकटेच खुर्चीत बसून राहिले. "काका, तुम्ही नाही आलात बघायला?" मी परत आल्यावर विचारलं. म्हणाले, "एक लाखाची गाडी म्हणजे आमचं कास्टिंग कितीला घेणार, त्याचा हिशेब करतोय बाळा."

त्या एका वाक्यात मला पूर्ण एक्स्पो कळला. पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे. इतक्या टाळ्या घेतलेल्या नॅनोचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं. मंचावरचा कडकडाट आणि शोरूममधली विक्री यांचा एकमेकांशी काही संबंध असतोच असं नाही, हे कंपन्यांना नॅनोच्या आधीही ठाऊक होतं; नॅनोनंतर त्यांच्या हिशेबनिसांनी ते बोलायला सुरुवात केली.

हिशेब काय आहे? पहिल्या दिवशी पत्रकारांसमोर प्रत्येक कंपनीला मिळतात पंधरा-वीस मिनिटं. तुमचं कापड खाली पडायच्या आत शेजारच्या स्टॉलवर ढोल सुरू होतो. संध्याकाळच्या बातम्यांत तुम्ही वीस गाड्यांमधले एक. त्यापेक्षा स्वतःचा वेगळा दिवस निवडला, तर तो दिवस पूर्ण तुमचा. महिंद्राने हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्कं ओळखलं. २०२० च्या १५ ऑगस्टला, सगळे घरात कोंडलेले असताना, नवी थार पडद्यावर आली. तेव्हापासून १५ ऑगस्ट ही जणू महिंद्राचीच तारीख झाली. २०२३ मध्ये तर तो सोहळा केपटाउनला झाला. बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईत दाखवल्या. बजाजने सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटरसायकल ५ जुलै २०२४ ला पुण्यातच आणली. प्रदर्शनाची वाट बघत कुणी थांबलं नाही. २०२३ च्या ऑटो एक्स्पोला महिंद्रा, फोक्सवॅगन, स्कोडा नव्हते, आलिशान गाड्या बनवणाऱ्या बहुतेक जर्मन कंपन्या नव्हत्या, आणि पूर्वी जिथे पाय ठेवायला जागा नसायची तिथे मला पहिल्यांदाच आरामात चहा पिता आला.

टाटांची सिएरा याच्या अगदी उलट वाटेने गेली. १९९१ ची, पुण्यात जन्मलेली ती तीन दारांची गाडी आठवणाऱ्यांची एक अख्खी पिढी आहे. तिचा नवा अवतार २०२० च्या एक्स्पोत दिसला, २०२३ मध्ये पुन्हा दिसला, २०२५ मध्ये आणखी पक्क्या रूपात दिसला आणि विक्रीला आला नोव्हेंबर २०२५ मध्ये. तीन प्रदर्शनं आणि जवळजवळ सहा वर्षं! लग्न ठरलेल्या पण मुहूर्त न निघालेल्या मुलीसारखी ती दर वेळी सजून समोर यायची. पण यातही एक व्यवहार होता. लोक काचेजवळ नाक लावून काय म्हणतात, कुठे फोटो काढतात, मागच्या बाजूच्या त्या वळलेल्या काचेकडे किती जण बोट दाखवतात, हे कंपनीची माणसं उभी राहून टिपत असतात. एवढी मोठी आणि इतकी फुकट परीक्षा दुसरीकडे कुठे मिळणार?

जिनिव्हाबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटलं. १९०५ पासूनचं ते प्रदर्शन. स्वित्झर्लंडमध्ये नाव घ्यावं असा स्वतःचा मोटार उद्योग नाही, म्हणून तिथे कुणी यजमान नव्हता आणि कुणी पाहुणाही नव्हता. डेट्रॉइटला अमेरिकनांचा, फ्रँकफर्टला जर्मनांचा आवाज मोठा. जिनिव्हाला पुणेकर टाटा आणि इटलीची फेरारी एकाच छपराखाली. टाटा वर्षानुवर्षं तिथे जात होते. टामो रेसिमो ही स्पोर्ट्‌स कार २०१७ ला तिथे दिसली, अल्ट्रोझ २०१९ ला. महिंद्राच्या मालकीच्या पिनिनफरिनाची बतिस्ताही त्याच वर्षी. पुढल्या वर्षी, २०२० च्या २८ फेब्रुवारीला, हजारांहून मोठ्या जमावावर स्विस सरकारने बंदी घातली. तिथल्या पालेक्स्पोच्या दालनांत स्टॉल बांधायचं काम शेवटाला आलेलं. सुतार आले होते ते बांधायला, थांबले ते मोडायला. त्यानंतर तीन वर्षं प्रदर्शन भरलंच नाही. २०२३ मध्ये त्याचं बिऱ्हाड दोहाला हललं, २०२४ मध्ये घरी एक केविलवाणा प्रयत्न झाला, ज्यात मोठ्या नावांत रेनो, बीवायडी, एमजी एवढेच, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयोजकांनी जिनिव्हाचा कायमचा निरोप घेतला. कोविडने मारलं असं म्हणतात. कोविडने फक्त सुट्टी दिली. त्या सुट्टीत कंपन्यांच्या लक्षात आलं की न जाऊनही गाड्या विकल्या जातात.

फ्रँकफर्टचं दुखणं निराळं. २०१५ मध्ये तिथे नऊ लाखांहून जास्त लोक आले होते, २०१९ मध्ये साधारण साडेपाच लाख. त्या वर्षी आत एसयूव्ही आणि बाहेर हवामानबदलाच्या घोषणा देणारे हजारो सायकलस्वार, असं दृश्य होतं. १९५१ पासूनचं फ्रँकफर्ट सोडून २०२१ मध्ये प्रदर्शन म्युनिकला गेलं आणि नावापुढे 'मोबिलिटी' हा शब्द लागला. शहरातल्या चौकांत, कोनिग्सप्लाट्झसारख्या जागी, उघड्यावर स्टॉल मांडले; तिकीट नाही, सायकलीही तिथेच. टोकियोवाल्यांनीही २०२३ मध्ये 'मोटर शो' पुसून 'जपान मोबिलिटी शो' केलं. आपणही 'भारत मोबिलिटी' म्हणू लागलो. मोबिलिटी हा शब्द मला जरा लबाड वाटतो. गाडी म्हटलं की धूर, पार्किंग, हप्ता आठवतो. मोबिलिटी म्हटलं की काहीच आठवत नाही. डेट्रॉइटबद्दल जास्त लिहीत नाही. जानेवारीच्या बर्फातून ते सप्टेंबरला गेलं आणि २०२५ मध्ये पुन्हा जानेवारीत आलं. मधल्या काळात त्याचे पाहुणे लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात जाऊन बसले होते.

हे सगळं पश्चिमेकडचं रडगाणं. चीनमध्ये कुणी रडत नाही. शांघाय आणि बीजिंग आळीपाळीने वर्ष घेतात. २०२५ च्या शांघायला दहा लाखांवर माणसं आली आणि दालनांचं क्षेत्र ३,६०,००० चौरस मीटर. आपल्याकडच्या हिशेबात जवळजवळ नव्वद एकर छपराखाली. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचा होता २०२३ चा एप्रिल. कोविडची तीन वर्षं चीनचे दरवाजे बंद होते. ते उघडल्यावर युरोप-अमेरिकेचे मोठे साहेब शांघायला उतरले आणि त्यांनी काय पाहिलं, तर त्यांच्या गैरहजेरीत शेजारच्या पोराला मिशा फुटलेल्या. बीवायडीची सीगल ही छोटी विजेवरची गाडी साधारण ७४ हजार युआनला बाजारात येत होती. म्हणजे तेव्हाच्या भावाने नऊ लाख रुपयांच्या आत. पूर्वी चिनी अभियंते परदेशी स्टॉलवर टेप लावून मापं घ्यायचे, असे किस्से आम्ही हसत हसत सांगायचो. आता मापं घेणारे हात बदलले आहेत. प्रदर्शन ज्या गावात मोठं होतं त्या गावात धंदा सरकलेला असतो, एवढा सरळ अर्थ मी त्यातून काढला आणि मालकांना तसं लिहून कळवलं. त्यांनी उत्तरादाखल मला विचारलं, शाफ्टचं काय?

शाफ्टचं काय, हा प्रश्न मग मीच सुट्या भागांच्या दालनांत विचारत फिरलो. विजेवरच्या गाडीला क्रँकशाफ्ट लागत नाही, पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, इंधनाची टाकी नाही. पाच-सहा गिअरांच्या पेटीच्या जागी बहुतेकदा एकच गिअर-जोडी. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कित्येक शेडची पोटं या 'नाही'च्या यादीवर भरतात. २००४ मध्ये ज्या स्टॉलवर कापून रंगवलेलं इंजिन ठेवलेलं असायचं, तिथे आता अॅल्युमिनिअमचे मोटर हाउसिंग, तांब्याच्या बसबार, बॅटरीचे ट्रे, कूलिंग प्लेट दिसतात. काही स्टॉलवर तर टेबलावर काहीच नसतं. एक पडदा, एक तरुण आणि सॉफ्टवेअर. अशा ठिकाणी हातात काय घ्यायचं हे मला अजून समजलेलं नाही. मी सवयीने त्या तरुणाचं व्हिजिटिंग कार्ड मागतो, तो मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "सर, स्कॅन करा ना."

तरीही गर्दी कुठे कमी झाली नाही, तर या दालनांत. त्याचं कारण मालकांच्या त्या अभ्यासक्रमात आहे. गाडी कशी दिसते हे मोबाइलवर कळतं, बहुधा अधिक चांगलं कळतं. पण दात ग्राइंड केल्यावर गिअर किती गुळगुळीत झालाय, कास्टिंगच्या कडेला धार राहिलीय का, कनेक्टर बसताना 'टक्' आवाज येतो का, हे बोटांनाच कळतं. आणि कोटेशन दिलेला माणूस रात्री तीनला मशीन बंद पडलं तर फोन उचलेल का, हे त्याच्या डोळ्यांत बघूनच कळतं. परचेसवाले लोक पडद्यावरच्या बैठकीत भाव पाडतात. विश्वास टाकायला मात्र अजून चालत येतात.

चालत येतात, हे दिल्लीच्या बाबतीत शब्दशः घेऊ नका. प्रगती मैदानावर गाड्या आणि सुटे भाग हाकेच्या अंतरावर होते. २०१४ पासून गाड्या ग्रेटर नॉएडाला गेल्या, सुटे भाग मागे राहिले, आणि आमचं निम्मं प्रदर्शन टॅक्सीत होऊ लागलं. मैदानावरचं वास्तुविशारद राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडलं गेलं. त्या जागेवर उभं राहिलेलं भारत मंडपम भव्य आहे, वातानुकूलित आहे, पण त्या काँक्रीटच्या त्रिकोणांखाली उभं राहिल्यावर मान आपोआप वर जायची, तशी इथे जात नाही. जानेवारी २०२५ चा भारत मोबिलिटी तर तीन ठिकाणी विभागलेला. गाड्या भारत मंडपमला, सुटे भाग द्वारकेच्या यशोभूमीत, बांधकामाची यंत्रं ग्रेटर नॉएडाला. सरकारने पाठीशी उभं राहून रुसलेल्या कंपन्यांनाही परत आणलं, महिंद्रासुद्धा आली, ही मोठी गोष्ट. पुण्याच्या वायवे कंपनीची छतावर सौरपट्ट्या असलेली चिमुकली ईव्हा बघायला लहान मुलांची झुंबड होती. नोंदणी केली की प्रवेश फुकट, म्हणून गर्दीही अफाट. पण ज्याने गाडी बनवली आणि ज्याने तिचा बोल्ट बनवला, त्यांच्यामध्ये तीसेक किलोमीटर दिल्ली. हे मला पटलेलं नाही. आयोजकांनी पुन्हा विचार करावा.

आपल्याकडे महाराष्ट्रात गाड्या बनतात जोरात आणि मोठं वाहन प्रदर्शन मात्र नाही, अशी तक्रार मी वर्षानुवर्षं केली. आता करत नाही. पुणेकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात आणि जिला एआरएआयची टेकडी म्हणतात, त्या टेकडीवरच्या एआरएआय या १९६६ च्या वाहन-संशोधन संस्थेची 'सिआट' ही तंत्रज्ञान परिषद दर दोन वर्षांनी होते. तिथे कापड ओढायला कुणी सिनेनट येत नाही. ब्रेकच्या चाचणीवर निबंध वाचले जातात आणि बाहेर स्टॉलवर खरी विचारपूस चालते. २०२४ ची परिषद मोशीच्या मैदानावर झाली. त्याच मैदानावर डिसेंबरात 'किसान' हे शेतीप्रदर्शन भरतं. ट्रॅक्टरचं बोनेट उघडून, खाली वाकून, हायड्रॉलिक पंपाला हात लावून प्रश्न विचारणारा जाणता बघ्या पाहायचा असेल तर तिथे जा. दिल्लीत तो आता दुर्मीळ झालाय. आणि गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डचा मोटोव्हर्स भरतो, त्यात धूळ, गाणी, शर्यती आणि मधेच नव्या गाडीची किंमत जाहीर. २०२३ ला नवी हिमालयन, २०२४ ला गोवन क्लासिक. ज्यांना गाडी विकायची तेच लोक आपली गाडी चालवत तिथे आलेले. व्हर्सायच्या अटीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

आमचे मालक आता ऐंशी पार आहेत. कारखाना मुलगी बघते. शाफ्ट अजून निघतात, ट्रॅक्टरसाठी. शेजारच्या नव्या शेडमध्ये विजेच्या मोटरचे रोटर शाफ्ट निघू लागले आहेत. ते लांबीला कमी, वजनाला हलके, आणि त्यांना लागणारी अचूकता जास्त. मागच्या खेपेला ती मला म्हणाली, "काका, यशोभूमीला मीच जाते, तुम्ही फक्त कुणाला भेटायचं ते सांगा." मी यादी दिली. निघताना तिच्या वडिलांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हाती ठेवलं. तिने ते न बोलता चेक-इनच्या बॅगेत टाकलं.

तुम्ही एक्स्पोला जाणार असाल तर एवढंच करा. सर्वांसाठी खुला होण्याआधी व्यापारी मंडळींसाठी राखलेला दिवस असतो, त्या दिवशी जा. जुने, पायांना सरावलेले बूट घाला. सकाळी पाय ताजे असताना सुट्या भागांचं दालन गाठा आणि तिथेच दुपार होऊ द्या. गाड्या रात्री खोलीवर आल्यावर मोबाइलवर बघता येतील.